शंभर टक्के, पण कितीपैकी?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मलकापुरात पेपरच्या आतल्या पानावर एक मथळा हमखास भेटतो: ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’. सोबत पेढा भरवतानाचा फोटो, खाली पहिल्या तिघाचौघांची नावे आणि टक्के. हा मजकूर बहुधा वार्ताहराने लिहिलेला नसतोच. तो शाळेच्या ऑफिसातून व्हॉट्सॲपवर येतो आणि रात्री पान लागण्याआधी दोन ओळी कापून छापला जातो.

आकडे वरून खाली कसे येतात ते पाहू. राज्य मंडळ सकाळी पत्रकार परिषद घेते आणि दुपारी एकला निकाल ऑनलाइन दिसतो. मंडळाचे विभाग नऊ. आपला बुलढाणा जिल्हा अमरावती विभागात, अकोला, वाशीम, यवतमाळ यांच्यासोबत. १३ मे २०२५च्या निकालात राज्याचा आकडा होता ९४.१० टक्के आणि अमरावती विभागाचा ९२.९५. मग विभागात जिल्हा कितवा, जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत मलकापूर कितवे, अशी उतरंड लागते. ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा तर निकालाआधीच जुळवून ठेवला तरी चालतो.

पण आकडा वर गेला म्हणजे शाळा सुधारली का? २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ला तो ७७.१० वर कोसळला आणि २०२०ला थेट ९५.३० वर गेला. गुरुजी तेच, फळे तेच. बदलले होते ते गुणांचे नियम. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण २०१९च्या परीक्षेला काढून घेतले आणि पुढच्या वर्षी परत दिले. शिवाय २०२०ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण मिळाले. २०२१ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! तेव्हा यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी मांडणाऱ्या बातमीत नियम बदलल्याची ओळ आहे का, ते आधी शोधावे.

दुसरी गोष्ट छेदाची. शाळेचा निकाल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी पास झालेले. चौदा बसले, चौदा पास, की निकाल शंभर टक्के. बसलेच नाहीत त्यांचा हिशेब यात कुठेच नाही. काही शाळा कच्च्या मुलाला नववीलाच अडकवतात, नाहीतर ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवतात. हा फॉर्म भरणारा खासगी विद्यार्थी ठरतो आणि मंडळ त्याची मोजदाद वेगळी करते. तो नापास झाला तरी शाळेच्या शंभराला धक्का लागत नाही.

वार्ताहराला हे ठाऊक नसते असे नाही. पण तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन तुटपुंजे, घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर. जूनमध्ये ‘प्रवेश सुरू’ची जाहिरात ज्या संस्थेकडून घ्यायची, तिला मे महिन्यात नववीचा पट कोण विचारणार? मला त्याच्यापेक्षा हा व्यवहारच जास्त दोषी वाटतो.

मग जाब विचारणारी बातमी होते कधी? हातात शिक्क्याचा कागद आला की. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंदखेडराजा परिसरात, ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने परीक्षेआधीच मोबाइलवर फिरली. गुन्हा दाखल झाला, विधानसभेत गदारोळ झाला, शिक्षकांना अटक झाली आणि प्रकरण राज्यभर पहिल्या पानावर गेले. एफआयआरमुळे बातमीला पाय फुटले. वर्गात गणित शिकवलेच जात नाही, याची एफआयआर नसते.

‘असर’च्या अहवालाची बातमीही निकालाच्या बातमीसारखीच जपून वाचावी. प्रथम संस्थेचे हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन होते, तेही फक्त ग्रामीण भागात: जिल्ह्यातली तीस गावे, गावात वीस घरे. मलकापूर शहर त्यात येत नाही आणि तालुक्याचा आकडा त्यातून निघत नाही. घरी भेटलेले मूल खासगी शाळेतलेही असू शकते. तरी ‘मुलांना वाचता येईना’ म्हटले की फोटो मात्र झेडपीच्या शाळेचा लागतो.

वार्ताहराने विचारले नाही तरी वाचकाला विचारता येते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. आपल्या जिल्ह्यातला क्रमांक २७०४ने सुरू होतो. तो टाकला की सरकारी संकेतस्थळावर इयत्तावार पटसंख्या दिसते. गेल्या वर्षीची नववी आणि यंदाची दहावी शेजारी मांडा. समजा, नववीत ६० आणि दहावीला ४८ निघाले. मग १२ पोरे गेली कुठे? कुणी दुसऱ्या शाळेत गेले असेल, कुणी १७ नंबरला, कुणी बापासोबत कामाला, आणि एखादी मुलगी सासरी.