मालिकांना जीव लावणारा प्रेक्षक

● आकेरीचा वाडा : 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६मध्ये झी मराठीवर आली. चित्रीकरणाचं ठिकाण असलेला सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा पाहायला कोकणात आलेले पर्यटक वाट वाकडी करून जाऊ लागले.

● खलनायकाचे चाहते : याच मालिकेच्या २०१९मधल्या दुसऱ्या भागात अण्णा नाईक (माधव अभ्यंकर) आणि शेवंता (अपूर्वा नेमळेकर) भाव खाऊन गेले. अण्णांच्या करड्या नजरेचे मीम्स मोबाइलवर घरोघरी पोहोचले.

● अरुंधतीचा निर्णय : 'आई कुठे काय करते' (स्टार प्रवाह, २०१९ ते २०२४) मधल्या अरुंधतीने पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेतला, पुढे दुसरं लग्न केलं. मुलं मोठी झाल्यावर आईने पुन्हा संसार थाटावा का, यावर प्रेक्षकांत दोन तट पडले. घरात सहसा न निघणारा विषय त्यामुळे उघडपणे बोलला गेला, हे या मालिकेचं मोठं देणं.

● टीआरपीचा गुरुवार : निवडक घरांतल्या मीटरवरून 'बार्क' ही संस्था प्रेक्षकसंख्येचा अंदाज बांधते. टीआरपीचे हे दर आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात. आपली मालिका कितव्या क्रमांकावर, याकडे चाहत्यांचे डोळे लागलेले असतात.