फुकट सल्ल्याची किंमत

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास एका ज्येष्ठ मित्राचा फोन आला. आमच्या रविवारच्या बुद्धवंदनेला ते सहकुटुंब येतात आणि आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांचा आवाज दबका होता. "तू संगणकातला माणूस आहेस. एक वेबसाइट पाठवतो, ती खरी आहे का तेवढे बघून सांग. तुझ्या वहिनीशिवाय हे कोणाला ठाऊक नाही. मंडळात बोलू नकोस."

आज त्यांच्याच संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळा बुडवत होता. दप्तरात गांजाचे व्हेप सापडले होते आणि दोन रात्री तो घरी आलाच नव्हता. दादांनी पाठवलेल्या वेबसाइटवर डोंगर, घोडे आणि हसरी मुले होती. 'आपल्या मुलासाठी योग्य संस्था निवडून देऊ, सल्ला पूर्णपणे विनामूल्य' असे आश्वासन होते आणि खाली एक फॉर्म होता.

मी आणखी दोन तशाच वेबसाइट उघडल्या. तिन्हींची नावे आणि रंग वेगळे होते, परंतु तिन्ही फॉर्मची माहिती एकाच सर्व्हरकडे जात होती. रविवारी दुपारी दादांच्या घरी बसून आम्ही त्यांपैकी एक फॉर्म भरला आणि चौथ्या मिनिटाला फोन वाजला. पलीकडच्या बाई अतिशय मृदू बोलत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न मुलाविषयी नव्हता. घर स्वतःचे आहे का, हा होता. दुसरा प्रश्न निवृत्तीनिधीत किती रक्कम आहे, असा होता. मुलाला डॉक्टरांनी तपासले आहे का, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारले नाही. "आज निर्णय घेतला नाहीत, तर सहा महिन्यांनी मुलगा जिवंत असेल याची खात्री कोण देणार?" हे वाक्य मात्र त्यांनी दोनदा ऐकवले. वहिनी रडू लागल्या. मी विचारले, "तुमचे मानधन कोण देते?" उत्तर आले, "कुटुंबांसाठी आमची सेवा मोफत आहे." माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते.

या व्यवसायाला येथे 'ट्रबल्ड टीन इंडस्ट्री' म्हणतात. वर्तनसुधार निवासी शाळा, रानावनातील उपचारशिबिरे, लष्करी शिस्तीची बूट कॅम्प असे त्याचे अनेक प्रकार आहेत आणि युटा राज्य हे त्याचे मोठे केंद्र आहे. शुल्क दिवसाला शेकडो डॉलर असते आणि मुक्काम महिनोन्‌महिने चालतो. एक मूल दाखल झाले की संस्थेला मोठी रक्कम मिळते. म्हणून मूल आणून देणाऱ्याला त्यातील वाटा देणे तिला सहज परवडते. पालकांना फुकट वाटणाऱ्या सल्ल्याचे पैसे असे त्यांच्याच शुल्कातून वळते होतात.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. अमुक रुग्णालयात, तमुक प्रयोगशाळेत रुग्ण धाडणाऱ्या डॉक्टरला मिळणारा 'कट' आपल्या परिचयाचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी अशी दलाली निषिद्ध ठरवली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही करवून घेतला. तेथे निदान डॉक्टरला नोंदणी असते आणि ती गमावण्याचे भय असते. येथे किशोरांसाठी संस्था सुचवणाऱ्या सल्लागाराला कोणताही परवाना लागत नाही. पदवी वा प्रशिक्षण नसलेला मनुष्यही फोन आणि वेबसाइट यांच्या बळावर हे काम करू शकतो.

अमेरिकी संसदेसाठी तपासणी करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २००७ आणि २००८ मध्ये या क्षेत्राचा शोध घेतला. २००५ या एकाच वर्षात ३३ राज्यांनी निवासी संस्थांमधील अत्याचाराच्या घटनांत १,६१९ कर्मचारी गुंतल्याचे कळवले होते. २००८ च्या तपासात अधिकाऱ्यांनी काल्पनिक पालक होऊन फोन केले. 'प्रत्येक मुलाच्या परिस्थितीचा स्वतंत्र विचार करू' असे सांगणाऱ्या एका सल्लासेवेला त्यांनी तीन वेळा, तीन निरनिराळ्या मुलांची निरनिराळी लक्षणे सांगितली. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले : मिसुरीतील एक बूट कॅम्प. पुढे उघड झाले की सल्लासेवेचा मालक आणि त्या कॅम्पचा मालक हे पतिपत्नी होते.

काही संस्थांनी तर पालकांनाच दलाल केले. नवे कुटुंब आणून दिल्यास शुल्कात सूट मिळत असे. मुलगा पूर्ण बदलला असे सांगणारी आई खोटे बोलत असेलच असे नाही. परंतु आपल्या शिफारशीत आपला लाभ गुंतला आहे, हे ऐकणाऱ्याला न सांगणे हीच फसवणूक होय.

कायदा कोठे कमी पडतो? १९७२ पासून संघीय कायद्याने मेडिकेअर, मेडिकेडसारख्या सरकारी आरोग्ययोजनांतील रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे घेण्यास मनाई केली आहे. २०१८ मध्ये व्यसनोपचार केंद्रांच्या बाबतीत खासगी विम्यालाही तशीच मनाई लागू झाली. परंतु जेथे आईबाप स्वतःच्या खिशातून, घर गहाण ठेवून पैसे भरतात आणि संस्था व्यसनोपचार केंद्र म्हणून चालत नाही, तेथे हे दोन्ही कायदे सहसा पोचत नाहीत. पॅरिस हिल्टन हिने स्वतःचे अनुभव जाहीर केल्यानंतर २०२१ मध्ये युटाने आपले नियम कडक केले. डिसेंबर २०२४ मध्ये संस्थांतील बालअत्याचार रोखण्यासाठी संघीय कायदाही संमत झाला. त्याचा भर अभ्यासावर आणि माहिती संकलित करण्यावर आहे. दलालीचा प्रश्न त्याने सोडवलेला नाही.

सारेच सल्लागार अप्रामाणिक आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७६ मध्ये स्थापन झालेली शैक्षणिक सल्लागारांची एक राष्ट्रीय संघटना मुलांना दाखल केल्याबद्दल संस्थेकडून मोबदला घेण्यास सदस्यांना मज्जाव करते. असा सल्लागार पालकांकडून उघडपणे शुल्क घेतो. म्हणजे जो आपल्याकडे पैसे मागतो तो अनेकदा अधिक विश्वासार्ह असतो आणि जो फुकट बोलतो त्याचा धनी दुसरा असतो. काही मुलांना काही काळ घराबाहेर उपचार घ्यावे लागतात, हेही खरे. ते ज्याने ठरवायचे, त्याचे पोट त्या निर्णयावर अवलंबून असू नये, एवढीच अपेक्षा आहे.

येथे मला माझ्याविषयीही सांगितले पाहिजे. माझ्या पहिल्या नोकरीत मी आरोग्यविम्याची गिऱ्हाइके गोळा करणारी अशीच यंत्रणा लिहिली होती. फॉर्म भरणाऱ्या माणसाला आम्ही 'लीड' म्हणत असू आणि ते लीड अधिक बोली लावणाऱ्याला विकले जाई. 'आजचा शेवटचा दिवस' ही ओळ टाकल्यावर फॉर्म किती वाढतात, हे मी उत्साहाने मोजले होते. दादांच्या घरातील तो फोन ऐकताना मला त्या ओळीची आठवण झाली. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. जिवांचा व्यापार त्यांतील एक. तो शब्द आपण बाजारातील गुरांपुरता किंवा जुन्या काळच्या गुलामांपुरता वाचतो. सम्यक आजीविकेचा प्रश्न माझ्या कीबोर्डपर्यंत येतो, हे मला फार उशिरा उमगले.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाची आहे. बाबासाहेबांमुळे शिक्षण आपल्या घरांत आले आणि त्या एका शिडीने आपण येथवर पोचलो. म्हणून मुलगा दहावीत नापास होऊ लागला की आपल्याला एका मुलाची नव्हे, तीन पिढ्यांची घसरण दिसते. जवळ आजी नाही, मावशी नाही, आणि मंडळात कळले तर काय म्हणतील ही भीती आहे. फोनवरच्या मृदू आवाजाला नेमकी हीच भीती हवी असते.

तेव्हा असा फोन आलाच तर काही प्रश्न लेखी विचारावेत. तुम्हाला पैसे कोण देते? तुमचा वा तुमच्या नातेवाइकांचा संस्थेत आर्थिक संबंध आहे का? संस्था तुम्ही स्वतः पाहिली आहे का? तिचा परवाना कोणत्या राज्याचा, आणि तपासणीचे अहवाल कोठे वाचता येतील? परवानाधारक चिकित्सक कोण आहेत? मूल आमच्याशी कोणी ऐकत नसताना फोनवर बोलू शकेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर पुढे बोलूच नये. मुलाला घेऊन जाण्यासाठी रात्री माणसे पाठवतो, असे कोणी म्हणाले तर तेथेच फोन ठेवावा. त्याआधी मुलाचे डॉक्टर आणि शाळेतील समुपदेशक यांच्याशी बोलावे. जिवाचा धोका वाटला तर ९८८ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.

दादांनी मुलाला पाठवले नाही. डॉक्टरांच्या तपासणीत नैराश्य निघाले, आणि शाळेत वर्षभर त्याचा छळ होत होता हेही पुढे आले. उपचार चालू आहेत. सारे सुरळीत झाले असे म्हणता येत नाही. मध्यंतरी तो पुन्हा एकदा रात्री उशिरा आला, पण फोन करून आला.

वैशाख पौर्णिमेला वंदनेनंतर दादांनी हे सारे स्वतःहून मंडळात सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चहाच्या टेबलापाशी आणखी दोन कुटुंबांनी त्यांना बाजूला घेतले. त्यांतील एका घरी तोच फॉर्म भरून झाला होता आणि सोमवारी आगाऊ रक्कम पाठवायची होती. ती पाठवली गेली नाही.