मेंढरांची परीक्षा आणि धनगराची थैली

दिवाळी आटोपली कीं देशावरील कित्येक धनगर आपले वाडे घेऊन चाऱ्यासाठीं घाट उतरूं लागतात. वाटेंत एखादी मेंढी गाभ टाकते. धनगर उघड्या हातांनीं तिला मोकळी करतो, हात मातीला पुसतो आणि पुढें चालूं लागतो. कांहीं आठवड्यांनीं त्यालाच ताप भरतो; उतरतो, पुन्हां चढतो, सांधे धरतात, रात्रीं घाम सुटतो. हिंवताप समजून तो औषध घेतो आणि गुण येत नाहीं.

या रोगास ब्रुसेलोसिस म्हणतात. त्याची प्राथमिक परीक्षा मुळींच अवघड नाहीं. रक्ताच्या निवळीचा एक थेंब व रोझ बेंगॉल या गुलाबी द्रव्याचा एक थेंब एकत्र ढवळावयाचा आणि चार मिनिटांत गुठळ्या धरतात कीं नाहीं तें पाहावयाचें. विद्येचीही वाण नाहीं. पुण्यांत १८८९ सालीं इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली होती. ती १८९३ सालीं मुक्तेश्वरास गेली, तरी औंधास राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आज आहेच. महाग आहे तें चालत्या कळपामागें जाणारें माणूस, रक्त थंड राखून पोंचविण्याची तजवीज, आणि बाधित ठरलेल्या मेंढीची किंमत. हा तिहेरी खर्च कोणीं सोसावा, एवढाच वाद आहे.

जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ सालच्या कायद्यानें मालकाचें कर्तव्य स्पष्ट सांगितलें आहे: त्यानें वर्दी द्यावी व रोगी जनावर निराळें ठेवावें. वर्दी दिली तर मेंढीचा पैसा बुडाला. न दिली तर बाजार जवळच आहे. गुपचूप विकणाऱ्या धनगरास अप्रामाणिक म्हणणें सोपें आहे. पण जी व्यवस्था प्रामाणिकपणावरच दंड बसविते, तिला काय म्हणावें?

सरकारजवळ पैसा नाहीं, असें म्हणण्याचीही सोय नाहीं. लाळ्या-खुरकुत व ब्रुसेलोसिस यांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ सालीं मथुरेस सुरू झाला, तेव्हां पांच वर्षांकरितां १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले होते आणि तो भार सर्वस्वी केंद्राचा होता. ब्रुसेलोसिसची लस मात्र त्यांत चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांच्यापुरतीच ठेवली. त्याच सालच्या गणनेंत देशांत ७ कोटी ४२ लाख मेंढ्या भरल्या होत्या! कालवडीचा रोग सार्वजनिक आणि मेंढीचा खासगी, हा भेद कोणत्या न्यायानें? माणसास सर्वांत जाच करणारे या रोगाचे जंतू तर मुख्यतः शेळ्यामेंढ्यांतलेच आहेत.

माल्टा बेटाचें उदाहरण पाहावें. इंग्रजी पलटणींतील तापाचें मूळ शेळीच्या दुधांत आहे, याचा शोध १९०५ सालीं झॅमिट या तेथील डॉक्टरानें लाविला. पुढच्याच वर्षीं सैनिकांचें दूध बंद झालें व त्यांचा ताप ओसरला. बेटावरचे लोक तेंच दूध पीत राहिले व ताप भोगीत राहिले. परसत्तेनें आपल्या शिपायांपुरतें पाहिलें, यांत नवल नाहीं. स्वराज्यानेंही निवडक जनावरांपुरतें पाहावें, याचें मात्र नवल वाटतें.

सगळाच भार सरकारवर टाकावा, असें आमचें म्हणणें नाहीं. माडग्याळी जातीचा एडका चढ्या भावानें विकणारानें परीक्षेची फी खुशाल द्यावी. तेथें लाभ त्याचा आहे. कळपाच्या परीक्षेचा लाभ सर्वांचा. पटकीच्या दिवसांत विहिरींत औषध टाकतांना विहिरीच्या मालकाकडे कोणी पैसे मागत नाहीं. बर्ड फ्लूपायीं मारलेल्या कोंबड्यांची भरपाई केंद्र व राज्य निम्मीनिम्मी देतात. तोच न्याय मेंढीस लावण्यास कोणती हरकत आहे?

आरंभ लहान असला तरी चालेल. वाडे ज्या घाटांनीं जातात-येतात, तेथें हंगामापुरता एक पशुवैद्य, रक्ताच्या नळ्या व बर्फाची पेटी ठेवावी. निकाल निघेपर्यंत वाडा कोंकणांत उतरलेला असेल, तेव्हां तो धनगराच्या मोबाइलवर धाडावा. आणि मेंढ्यांबरोबर त्याच्या घरच्या माणसांचेंही रक्त त्याच पेटींतून तपासणीस जावें.