मैदानावरील न्याय

युवक-युवतींच्या क्रीडामंडळाचा वार्षिक मेळावा भरला आहे. ४०० मीटरांच्या शर्यतीसाठी आठ मुली सज्ज आहेत; परंतु त्या एका ओळीत उभ्या नाहीत. सर्वांत आतल्या पट्ट्यातील मुलगी सर्वांच्या मागे, तर बाहेरच्या पट्ट्यातील सर्वांच्या पुढे! हा अन्याय तर नव्हे?

मुळीच नव्हे. धावमार्गाच्या दोन सरळ बाजू सर्वांना सारख्याच असतात. परंतु दोन्ही टोकांची वळणे अर्धवर्तुळाकार असतात. वर्तुळ जितके बाहेरचे, तितका त्याचा परीघ मोठा. प्रत्येक पट्टा १.२२ मीटर रुंद असतो. साहजिकच सर्वजणी एकाच रेषेवरून निघाल्या, तर बाहेरच्या मुलींना अधिक धावावे लागेल. म्हणून दुसऱ्या पट्ट्यातील मुलीला ७.०४ मीटर, तर आठव्यातील मुलीला ५३.०३ मीटर पुढे उभे करतात. अंतिम रेषा मात्र सर्वांची एकच!

इतके काटेकोर माप कशासाठी? १९६० साली रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत याच शर्यतीत मिल्खासिंग चौथे आले. सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाने त्यांचे कांस्यपदक हुकले. तेवढ्या अवधीत असा धावपटू पुरते एक मीटर अंतरही कापीत नाही. मग मापात हातभर चूक झाली, तर वर्षभराचे परिश्रम वाया जाणार नाहीत काय?

टाळ्या विजेत्याला मिळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आदल्या दिवशी उन्हात फीत धरून ज्यांनी या रेषा आखल्या, त्यांच्या दक्षतेमुळेच तो विजय खरा ठरतो.