परवडणारी विजेची स्कूटर: किमतीआधी बॅटरीचा हिशेब

आजचा विषय सध्या घरोघरी चालू असलेल्या चर्चेचा आहे. रोज शहरात ये-जा करायला विजेची स्कूटर घ्यायची, तर खिशाला परवडेल अशी कोणती? सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही आज कुठल्याही कंपनीची शिफारस करणार नाही. मॉडेलं सारखी बदलतात, हिशेबाची रीत मात्र तीच राहते. ती रीत आपण समजून घेऊ.

उदाहरण पुण्याचं घेऊ. समजा एक बाई हडपसरला राहतात आणि त्यांची नोकरी शिवाजीनगरला आहे. जाणं-येणं, वाटेतली भाजी, मुलाची शिकवणी असं सगळं धरून दिवसाला २५ किलोमीटर होतात. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६५० किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर चालली, तर साडेचौदा लिटर पेट्रोल लागतं. भाव १०५ रुपये धरला तर झाले महिन्याला दीड हजार.

आता वीज. शहरातल्या चालवण्यात अशी स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास वीज घेते. ६५० किलोमीटरला साडेएकोणीस युनिट. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, ती धरून साडेबावीस. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं आणि स्कूटरचे युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून सरासरी दर घेऊ नका, आपल्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर घ्या. तो १२ रुपये धरला तर खर्च २७० रुपये. म्हणजे महिन्याला साडेबाराशेच्या आसपास वाचतात आणि वर्षाला पंधरा हजार.

पंधरा हजार म्हणजे मध्यमवर्गीय घरात मुलाची फी असते. बचत खरी आहे, पण ती टिकते बॅटरीच्या आयुष्यावर. चौथ्या वर्षी बॅटरी बदलावी लागली, तर तीन वर्षांत वाचवलेले ४५ हजार तिच्यातच जिरू शकतात. म्हणून स्कूटर बघायला जाता तेव्हा खरं तर तुम्ही बॅटरी विकत घ्यायला जाताय, हे मनात पक्कं असू द्या.

एका चार्जमध्ये किती?

दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि उत्तर मिळतं ते चाचणीतल्या आकड्याचं. त्या चाचणीत तुमचा सिग्नल नसतो, मागे बसलेलं माणूस नसतं, कात्रजचा चढ नसतो. म्हणून विचारायचं ते असं: बॅटरी किती किलोवॅट-तासांची आहे? एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलातला एक युनिट. २.२ किलोवॅट-तास म्हणजे २२०० वॅट-तास. त्याला ३० ने भागलं की ७३ किलोमीटर येतात. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करायची नसते, पाचवा हिस्सा शिल्लक ठेवा. राहिले ५८. काही वर्षांनी तिची क्षमता घटून ८० टक्क्यांवर आली, तर ४६. म्हणजे जुनी झाल्यावरसुद्धा आपल्या बाईंचे २५ किलोमीटर निवांत होतात. दोघं बसून किंवा जोरात चालवणार असाल, तर ३० ऐवजी ४० ने भागा. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६०-७० च्या वेगाने पळवली की बॅटरी झरझर उतरते.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय: मग मोठीच बॅटरी घेतलेली बरी नाही का? लांबचं अंतर असेल तर जरूर घ्या. पण दिवसाला २५ किलोमीटर जाणाऱ्याने १०० किलोमीटरची बॅटरी घेणं म्हणजे दोन माणसांच्या घरात पंचवीस माणसांचं पातेलं आणण्यासारखं आहे. वजन वाढतं, किंमत वाढते, कर्जाचा हप्ताही वाढतो.

चार्ज कुठे करणार?

हा प्रश्न किमतीच्याही आधीचा आहे. सोबत मिळणारे बरेचसे चार्जर ७००-८०० वॅटच्या आसपास असतात, म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी. सोसायटीच्या सभेत हे जरूर सांगा, कारण 'सगळी वीज ओढून घेईल' ही भीती बहुतेक ठिकाणी असते. वायर मात्र जिन्यातून लोंबकळत आणू नका. आपल्या मीटरवरून इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन, अर्थिंग आणि एमसीबी घालून घ्या. चार्जिंगसाठी महावितरणकडे वेगळा मीटरही मागता येतो. वाड्यात किंवा चाळीत राहता आणि गाडी रस्त्यावर उभी असते? मग बॅटरी काढून घरात नेता येईल अशीच स्कूटर बघा. एक बॅटरी दहा-बारा किलोची असू शकते, तेव्हा किती मजले चढायचे याचाही विचार करा. यातलं काहीच जमत नसेल तर घाई करू नका. रोज सार्वजनिक चार्जरवर थांबायचं ठरवलं, तर पैशांची बचत कमी होते आणि वेळ जातो तो वेगळाच.

स्वस्ताईचे दोन सापळे

पहिला सापळा मंद स्कूटरचा. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. गल्लीतल्या कामाला ती ठीक आहे. सोलापूर रस्त्यावर बस-ट्रकच्या मधून २५ च्या वेगाने जाणं मात्र धोक्याचं. कोणी 'वेग वाढवून देतो' म्हणालं तर हात जोडा. वेग वाढवला की कायद्याच्या नजरेत ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटरगाडी ठरते. उद्या अपघात झाला तर भरपाई तुमच्या अंगावर. शिवाय यातल्या काही गाड्यांत शिसं-आम्लाची बॅटरी असते. ती जड असते आणि लिथियमच्या मानाने लवकर दमते.

दुसरा सापळा जुन्या गाडीचा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यातली एक पुण्यातही. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचा एआयएस-१५६ हा मानक कडक झाला आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. म्हणून सेकंडहँड घेताना उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर उत्तम. बॅटरीची उरलेली क्षमता सर्व्हिस सेंटरमधून तपासून घ्या, आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का तेही लेखी घ्या.

नव्या गाडीची वॉरंटीसुद्धा नीट वाचा. वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तिथे ती संपते. आपल्या बाईंचे वर्षाला ७८०० किलोमीटर होतात. ३० हजार किलोमीटरची वॉरंटी त्यांना पावणेचार वर्षं पुरेल, पण ती तीनच वर्षांची असेल तर तीनच वर्षं. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देणार, हेही त्यात असतं. तो आकडा विचारा.

तेव्हा मंडळी, शोरूमला जाण्याआधी तीन कामं करा. आठवडाभर रोजचे किलोमीटर लिहून ठेवा. पार्किंगमध्ये जाऊन प्लग कुठे येईल ते ठरवा. आणि ज्या कंपनीची गाडी मनात आहे, तिच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरवर अर्धा तास उभे राहा. तिथे गाडी घेऊन आलेल्या लोकांना एवढंच विचारा, 'दुरुस्तीला किती दिवस लागले?' त्यांचं उत्तर जाहिरातीत छापलेलं नसतं, पण गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात ते आपल्या उपयोगी पडू शकतं.