बंदर लागलं, पण दिसलं किती?

क्रूझच्या माहितीपत्रकात बंदरांची नावं ठळक छापलेली असतात आणि तिथं थांबण्याच्या वेळा बारीक टाइपात. सांतोरिनी, दुब्रोव्हनिक, कोतोर ही नावं वाचतानाच माणूस मनानं निम्मा तिथं पोचलेला असतो. जगातली दूरची, अनोखी बंदरं दाखवणाऱ्या सफरी हल्ली ‘जहाजासाठी नव्हे, ठिकाणांसाठी’ असं सांगून विकल्या जातात. हा दावा कितपत खरा, हे मात्र त्या बारीक टाइपातल्या वेळा आणि जहाजाची प्रवासीसंख्या यांवरून ताडून पाहावं. माझ्या मते थोडी बंदरं, लांब मुक्काम आणि बेताचं जहाज या तिन्ही गोष्टी जुळत नसतील, तर ती सफर जहाजाचीच. बंदरं तोंडी लावायला.

यामागचं गणित सरळ आहे. मोठ्या जहाजांची कमाई तिकिटावर थांबत नाही. मद्य, कॅसिनो, स्पा, दुकानं यांचा तिच्यात मोठा वाटा असतो. बहुतेक बंदरांत जहाज धक्क्याला लागलं की तिथल्या कायद्यांमुळे कॅसिनो आणि करमुक्त दुकानं बंद ठेवावी लागतात. म्हणजे प्रवासी गावात हिंडत असतो तेव्हा जहाजावरचा गल्ला थंड असतो. सकाळी येऊन संध्याकाळी नांगर उचलणारं वेळापत्रक कंपनीला सोयीचं वाटतं, त्याचं एक कारण हे. शिवाय कागदावरचे आठ तास हातात आठ पडत नाहीत. सांतोरिनीला क्रूझ जहाजं कड्याखाली समुद्रातच थांबतात आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्याला आणली जातात. कोकणातल्या आगबोटींच्या काळात हेच काम पडाव करत. सांतोरिनीच्या किनाऱ्यावरून वर फिरा गावात जायला केबल कार, खेचर किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. हजारो माणसं एकाच वेळी उतरली, की दिवसाचा लचका रांगच तोडते. काही थांबे तर निव्वळ कायद्यापायी असतात. अमेरिकेच्या १८८६ सालच्या कायद्यानं परदेशी नोंदणीच्या जहाजांना अमेरिकी बंदरांमधली देशांतर्गत प्रवासी वाहतूक करता येत नाही. म्हणून सिअ‍ॅटलहून अलास्काला जाऊन परतणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला शिवून येतात, पुष्कळदा संध्याकाळच्या काही तासांपुरती. एके काळी हवाईच्या सफरी याच कारणासाठी किरिबातीच्या फॅनिंग या चिमुकल्या बेटापर्यंत जात. जाहिरातीत ते अर्थातच ‘अनोखं बेट’!

मोठी जहाजं वाईटच, असं म्हणण्याचा हेतू नाही. २०२४ साली निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे अडीच लाख टनांचं आहे आणि भरलं तर साडेसात हजारांवर प्रवासी नेतं. ते चालवणाऱ्या कंपनीनं बहामात कोकोके नावाचं बेट घसरगुंड्या आणि तलावांसह स्वतःसाठी सजवून ठेवलं आहे. हा व्यवहार निदान उघड आहे: जत्रा पाहिजे, जत्रा घ्या. आक्षेप असा येईल, की लहान जहाजं महाग असतात, आजी-आजोबा आणि नातवंडांसह निघालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला मोठं जहाजच परवडतं. हे खरं आहे. पण त्या कुटुंबाला ग्रीक बेटंच बघायची असतील, तर पिरेअस बंदरातून स्थानिकांना घेऊन जाणाऱ्या साध्या फेरीबोटी आहेत. दहा बंदरांऐवजी दोन बेटं निवडून तिथं चार दिवस राहता येतं. जहाजावरचा आराम हवा असेल तर तो जरूर विकत घ्यावा, फक्त त्याला बंदरदर्शन म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठ्या जहाजांमुळे गावाला पैसा मिळतो. मिळतो खरा, पण जेवण आणि बिछाना जहाजाच्या तिकिटातच मिळालेला माणूस गावात कितीसा खर्च करणार? नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये झालेल्या अभ्यासात क्रूझचे प्रवासी इतर पर्यटकांपेक्षा कमी खर्च करतात, असंच आढळलं. बंदरंही आता हिशेब मागू लागली आहेत. दुब्रोव्हनिकनं एका वेळी दोनच जहाजं घ्यायचं ठरवलं. व्हेनिसच्या सान मार्कोसमोरच्या पाण्यात २०२१च्या ऑगस्टपासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना मज्जाव आहे. अलास्कातल्या तीस-बत्तीस हजार वस्तीच्या जूनोनं मोठ्या जहाजांना दिवसाला पाचाची मर्यादा घातली. क्रूझवर ज्यांची चूल पेटते, अशीच ही गावं आहेत.

लहान जहाज म्हणजे आपोआप पुण्यवान, असंही नाही. थोड्या माणसांसाठी लांबवर इंधन जाळत ते नेमकं नाजूक जागी जाऊन पोचतं. तिथं आकाराइतकाच नियमांचाही आधार लागतो. गालापागोसमध्ये सफरीच्या जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावर वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. अंटार्क्टिकात पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजातून कोणालाच खाली उतरवत नाहीत, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. त्यामुळे दोनशे जणांच्या जहाजावरही निम्मे लोक पेंग्विनांपाशी असतात तेव्हा उरलेले रबरी बोटींत बसून हिमनग न्याहाळत आपल्या पाळीची वाट पाहतात.