अक्षयनीवी : शब्द आणि व्यवहार

बोरिवलीनजीकच्या कान्हेरी लेण्यांतील अनेक दानलेखांत ‘अखयनिवि’ हा शब्द आढळतो. त्याचा अर्थ सामान्यतः ‘कायमचे दान’ असा दिला जातो. तो चुकीचा नव्हे. परंतु त्यामुळे शब्दामागील आर्थिक व्यवहार झाकला जातो.

‘नीवी’ म्हणजे मुळात कमरेच्या वस्त्राची गाठ. कौटिलीय अर्थशास्त्रात आयातून व्यय वजा जाता उरणाऱ्या शिलकेस हेच नाव आहे. दानलेखांत त्याचा अर्थ ‘मुद्दल’ असा होतो. ज्याचे उत्पन्न भोगावयाचे, पण ज्यास हात लावावयाचा नाही, असे मुद्दल ती अक्षयनीवी.

या व्यवहाराचा सर्वांत स्पष्ट तपशील नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मध्ये संघासाठी 3000 कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले : एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षास 240 होते; आणि वर्षावासातील 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. खर्च आधी ठरवून त्यावरून मुद्दल योजिले असावे, असे अनुमान यावरून निघते.

लेखातील शब्दयोजना करारपत्रास शोभणारी आहे. हे कार्षापण ‘अपडिदातव’, म्हणजे परत न द्यावयाचे, आणि ‘वधिभोज’, म्हणजे केवळ वृद्धी भोगावयाचे आहेत. दरासाठी आलेला ‘पायून’ हा शब्द तर आपल्या ‘पाऊण’चाच पूर्वज होय.

मुद्दल परत मागावयाचे नाही, तर दात्याच्या पश्चात व्याज मिळण्याची हमी कोणती? हे दान निगमसभेत ऐकविले गेले व फलकावर नोंदविले गेले, असे लेखातच म्हटले आहे. श्रेणीची पत आणि नगराची साक्ष हीच ती हमी होती.

कान्हेरीत नीवी कधी शेताच्या रूपाने येते. अशा एका लेखातील मंगलठाण गाव म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. शके 775 च्या लेखात गौड देशाचा अविघ्नाकर 100 द्रम्म ठेवितो. नाणे बदलले, राजवंश बदलले. संज्ञा आणि व्यवहार मात्र टिकले.

म्हणून दानलेख वाचताना दात्याच्या श्रद्धेइतकेच ठेव सांभाळणाऱ्या संस्थेकडेही लक्ष दिले पाहिजे. लेणी राजे, व्यापारी व उपासक यांनी कोरविली. परंतु तेथील भिक्षूंच्या वस्त्राचा खर्च वर्षानुवर्षे चालावा, याचा भार नाशकात कोष्ट्यांच्या मागावर होता.